ॲव्हरेज वाढवणारी डबी आणि सीमेवरची टाकी

सिल्वासा : "किती देते?" हा प्रश्न आपल्याकडे गाडीची किंमत विचारायच्याही आधी विचारला जातो. वापी-सिल्वासा रस्त्यावर कामगारांची ने-आण करणारा ईकोवाला असो, तलासरीहून रोज कंपनीत येणारा सुपरवायझर असो की खानवेलहून शहरात दुकान चालवायला येणारा दुकानदार, आपल्या गाडीचे ॲव्हरेज ज्याला त्याला तोंडपाठ असते. २०२५ च्या पावसाळ्यापासून या प्रश्नात एक शब्द वाढला आहे : "आता किती देते?" पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडी कमी देते, ही तक्रार चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येते.

तक्रारीच्या पाठोपाठ तिचा इलाजही मोबाइलवर येऊन धडकला आहे. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची लुकलुकत्या दिव्यांची डबी, पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायची गोळी किंवा बाटली, लायटरच्या जागी बसवायचा 'स्टॅबिलायझर', बॉनेटखाली पाण्यातून हायड्रोजन काढणारे किट. किंमत काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत, दावा पंधरा ते पस्तीस टक्के बचतीचा. एक लावून पाहायला काय जाते, असा विचार करणाऱ्यांची संख्या कमी नाही.

ॲव्हरेज घसरल्याची तक्रार खरी आहे, हे आधी मान्य करायला हवे. तिच्यावर विकला जाणारा हा इलाज मात्र खरा नाही. सीमाभागात तर तो खरा वाटण्याची सोय इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहे, कारण आपल्याकडे नुसता पंप बदलला तरी गाडी 'जास्त देते'.

घट किती, कोणाची

इथेनॉलमध्ये लिटरमागे असलेली ऊर्जा पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांश असते. वीस टक्के मिश्रणात म्हणजे टाकीतली सहा-सात टक्के ऊर्जा कागदावरच कमी होते. प्रत्यक्ष घट इंजिनावर अवलंबून असते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० ला जुळवून घेतलेल्या चारचाकींमध्ये १ ते २ टक्के, तर बाकीच्यांत सुमारे ३ ते ६ टक्के घट होते असे म्हटले आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्क्यांचा अंदाज होता. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे तो रस्ता सध्या बंद आहे.

आपल्याकडे कोणाची गाडी कुठल्या गटात मोडते याचा ढोबळ अंदाज नंबरप्लेटवरूनच येतो. दादरा नगर हवेली आणि दमण-दीव यांचे २६ जानेवारी २०२० रोजी विलीनीकरण झाले. त्याआधीच्या गाड्यांवर 'डीएन ०९' आहे, नंतर 'डीडी' मालिका आली. ई-२० ला टिकतील असे सुटे भाग असलेल्या गाड्या देशात एप्रिल २०२३ पासून आल्या. म्हणजे डीएन ०९ ची पाटी असलेली जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडी जास्त घटीच्या गटातली. पलीकडे एमएच ०४ आणि एमएच ४८ च्या जुन्या गाड्यांचेही तेच.

ही घट रुपयांत मांडली की तक्रारीचे वजन कळते. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १६ देणारी गाडी घेऊ. तिला साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागायचे. पाच टक्के घट धरली तर ती १५.२ देते आणि सुमारे ६५.८ लिटर पिते. वाढीव ३.३ लिटरचे सिल्वासाच्या दराने तीनशे रुपये, पालघर जिल्ह्यातल्या दराने साडेतीनशेच्या जवळपास. वर्षाला साडेतीन-चार हजार. संसाराच्या हिशेबात हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, आणि पंपावरच्या दरात त्याची भरपाई मिळालेली नाही. माणूस डबीकडे वळतो तो या रागातून. त्याला भोळा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्याने विचारलेला प्रश्न रास्त आहे.

डबीच्या आत

यातल्या बहुतेक वस्तूंची जाहिरात एकाच वाक्यावर उभी असते : तुमच्या इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, आम्ही ते पूर्ण जाळतो. हे वाक्य ऐकायला पटते, कारण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा काळा धूर सगळ्यांनी पाहिला आहे. पण इंजेक्शनवर चालणाऱ्या, ठीकठाक अवस्थेतल्या आजच्या पेट्रोल इंजिनात गेलेल्या इंधनापैकी ९५ टक्क्यांहून जास्त जळतेच. नासाडी दुसरीकडे होते. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण पाव ते तीसेक टक्के भाग गाडी पुढे ढकलायला उपयोगी पडतो, बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. ती उष्णता नळीला बांधलेले चुंबक परत आणू शकत नाही. पेट्रोल लोहचुंबकाला दाद देणारे द्रव्य नव्हे, आणि चुंबकाजवळून गेल्यावर त्याच्या रेणूंची 'रांग लागते' या दाव्याला आधार नाही.

जास्त हवा आत घेणारा पंखा बसवला तर? बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा वाढली की तो गाडीच्या संगणकाला कळवतो आणि संगणक त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो. संगणकाला फसवून मिश्रण पातळ ठेवले तर इंजिन तापते, धूर बिघडतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या किटचा हिशेब वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाही समजेल. पाणी फोडायला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवते, इंजिन पेट्रोल पिते. पाणी फोडायला जितकी ऊर्जा खर्च होते त्याहून जास्त तो हायड्रोजन जळून परत देत नाही, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर गळती आहे. खर्च शंभर आणि जमा पन्नाससुद्धा नाही, असा हा व्यवहार. वर बॉनेटखाली ज्वलनशील वायू तयार होतो तो वेगळाच.

ओबीडी सॉकेटमधली डबी सध्या सगळ्यात जास्त खपते. ती गाडीचा संगणक 'शिकून' नव्याने प्रोग्रॅम करते, असे सांगतात. लावल्यावर शे-दोनशे किलोमीटर चालवा, मग फरक दिसेल, ही सूचनाही ठरलेली. अशा स्वस्त डब्या उघडून पाहणाऱ्या अभियंत्यांना आत एक छोटी चिप आणि दिवे लुकलुकवणारे सर्किट सापडले. गाडीच्या संगणकाशी बोलणाऱ्या तारांना ते जोडलेलेही नव्हते. दिवे मात्र छान लुकलुकतात.

बाटलीतल्या औषधाबाबत थोडे सबुरीने बोलायला हवे. इंजेक्टर खरोखर घाणीने तुंबले असतील तर साफ करणाऱ्या चांगल्या द्रावणाने हरवलेले ॲव्हरेज काही अंशी परत येऊ शकते. पण ते गाडीच्या मूळ आकड्यापर्यंतच. सोळाची गाडी बाटलीने वीसची होत नाही.

तांत्रिक बाजू बाजूला ठेवून निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी दावा टिकत नाही. देशात कार कंपन्यांना त्यांच्या सगळ्या विक्रीच्या सरासरीवर इंधन-बचतीचे बंधन आहे. २०१७-१८ पासून ते लागू झाले आणि २०२२-२३ पासून आणखी कडक झाले. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार हे बंधन शंभर किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत चुकले तर प्रत्येक गाडीमागे २५ हजार रुपये आणि त्याहून जास्त चुकले तर ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आता डबीचा वीस टक्क्यांचा दावा याच मापात बसवून पाहू. १६ देणारी गाडी शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटर पिते. वीस टक्के वाढ झाली तर ती सव्वापाचपर्यंत येईल. म्हणजे पूर्ण एक लिटरची बचत. ज्या कंपन्यांना ०.२ लिटरसाठी गाडीमागे पंचवीस हजारांची भीती आहे, त्यांनी हजार रुपयांची डबी कारखान्यातच बसवली असती. तेही घाऊक भावात.

जुनाच धंदा

१९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत अशा उपकरणांचे पेव फुटले, तेव्हा तिथल्या पर्यावरण संस्थेला ती तपासायचे काम कायद्याने दिले गेले. या संस्थेने शंभराहून जास्त उपकरणे तपासली किंवा त्यांच्या चाचण्यांचे मूल्यमापन केले. लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही. थोडीफार बचत दाखवणारी मोजकी निघाली. त्यात गाडी वेग घेताना एसीचा कॉम्प्रेसर तात्पुरता बंद करणारी काही होती. ते काम आपले बोटही करू शकते. काही उपकरणांनी थोडे इंधन वाचवले, पण धुरातले प्रदूषण वाढवले. २००४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने 'फ्युएलमॅक्स' नावाच्या चुंबकाच्या विक्रेत्यांवर खटला भरला. २७ टक्के बचतीचा त्यांचा दावा होता.

आपल्या देशातले सगळ्यात गाजलेले प्रकरण उपकरणाचे नव्हते, इंधनाचेच होते. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी वनस्पती आणि पाणी यांपासून पेट्रोल बनवल्याचे जाहीर केले. मोठमोठ्या लोकांसमोर प्रात्यक्षिके झाली, वर्तमानपत्रे भरली. पुढे त्यांच्या नावाचे इंधन विक्रीलाही आले. सीबीआयच्या तपासात ते टोल्युइन, नाफ्था अशा पेट्रोलियम रसायनांचे मिश्रण असल्याचे पुढे आले आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तेव्हाही सुरुवातीला त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत शिकलेले लोक कमी नव्हते.

आपल्याकडे फरक का 'दिसतो'

लावणाऱ्यांपैकी अनेक जण शपथेवर सांगतात की फरक पडला. ते खोटे बोलत नाहीत. त्यांचा हिशेब कुठे घसरतो ते पाहण्यासारखे आहे, आणि इथे सीमाभागाची स्वतःची गोष्ट सुरू होते.

आपल्याकडे टाकी फुल्ल करणारे थोडे, पाचशेचे टाकणारे फार. पाचशेत गाडी किती चालली, हेच त्यांचे माप. २०२५ मध्ये सिल्वासाच्या पंपांवर पेट्रोल ९२-९३ रुपये होते, सीमेपलीकडे पालघर जिल्ह्यात १०३-१०४. व्हॅटचा हा फरक. डिझेलमध्ये तो दोन-अडीच रुपयांवर येतो, म्हणून पेट्रोलवाल्यांनाच तो जास्त जाणवतो. तलासरीच्या पंपावर पाचशे रुपयांत ४.८ लिटर मिळते आणि १६ च्या ॲव्हरेजने गाडी ७७ किलोमीटर जाते. सिल्वासात त्याच पाचशेत ५.४ लिटर येते आणि गाडी ८६ किलोमीटर जाते. इंजिनात काडीचा फरक नाही, तरी पाचशेची नोट बारा टक्के जास्त चालली. उधव्याच्या एखाद्या माणसाने डबी घेतली त्याच महिन्यात सिल्वासात पेट्रोल भरायला सुरुवात केली, की श्रेय डबीला. सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात टाकी भरतात तिथेही हीच गल्लत होऊ शकते.

(मुद्दाम स्वस्त पेट्रोलसाठी लांबून येणाऱ्यांनी हेही मांडून पाहावे : पंप वीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन अडीच लिटर, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे रुपये जातात. तीस लिटरवर वाचतात ३३० च्या आसपास. कामासाठी येणे होतेच तेव्हा भरणे शहाणपणाचे, पण एवढ्यासाठी फेरी मारण्यात काही हशील नाही. आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे पेट्रोल ई-२० च आहे.)

दुसरी गोष्ट रस्त्याची. वापीकडे जाणारा रस्ता सपाट, पण शिफ्ट सुटायच्या वेळी मुंगीच्या पावलाने सरकणारा. खानवेलच्या पुढे दुधनीकडे किंवा जव्हारच्या बाजूला गेले की चढ-उतार. नुसते उभे राहिलेले लहान इंजिनसुद्धा तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते, एसी चालू असेल तर जास्तच. एकाच गाडीचे एकाच आठवड्यातले दोन आकडे १३ आणि १८ येऊ शकतात. पावसाळ्यात एक, दिवाळीत दुसरे. डबी पावसाळ्यात घेतली आणि आकडा दिवाळीत पाहिला, तर वाढ दिसणारच.

तिसरी गोष्ट नोझलची. 'फुल्ल' म्हणजे कुठपर्यंत, हे पंपावरच्या मुलाच्या हातावर असते. पहिल्या 'कट'ला थांबला तर एक, गोल आकडा करायला आणखी दाबला तर दुसरे. यात लिटरभराचा फरक सहज पडतो. दहा लिटरच्या भरण्यावर एक लिटर म्हणजे दहा टक्के. एवढ्या मोठ्या चुकीत पाच टक्क्यांची खरी घट लपते आणि पंधरा टक्क्यांची खोटी वाढ उगवते.

शेवटची गोष्ट पायाची. पैसे खर्च केलेला माणूस आकड्यावर लक्ष ठेवतो आणि लक्ष ठेवणारा माणूस ॲक्सिलरेटर हलका दाबतो. काही गॅरेजवाले डबी बसवतानाच एअर फिल्टर साफ करून देतात, टायरमध्ये हवा भरतात. बचत तिथून येते. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, ही सरकारी संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे की टायरची हवा २५ टक्के कमी असेल तर पेट्रोलचा खर्च ५ ते १० टक्क्यांनी वाढतो. तिच्या चाचण्यांनुसार ८० ऐवजी ४५-५५ च्या वेगाने गाडी चालवली तर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत जास्त मिळू शकते. इथेनॉलने नेलेले पाच टक्के पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर परत मिळतात, आणि तो फार तर दहा-वीस रुपये घेतो.

तरी करून पाहायचेच असेल तर

उत्सुकता वाईट नाही. फक्त मोजणी अशी हवी की तिच्यावर विश्वास ठेवता येईल. एकच पंप, एकच मशीन, नेहमी पहिल्या कटला थांबणे. रुपये सोडून फक्त लिटर आणि किलोमीटर वहीत लिहिणे. दर वेळी निदान पंचवीस लिटर संपल्यावर भरणे, म्हणजे नोझलची चूक लहान होते. टायरची हवा दर आठवड्याला सारखी. रोजचा रस्ता तोच, सहलीला गेलात तर ती टाकी हिशेबाबाहेर. आधी तीन टाक्या डबीशिवाय, मग तीन डबीसह, मग पुन्हा तीन डबी काढून. हा तिसरा टप्पा महत्त्वाचा. वाढ खरी असेल तर डबी काढल्यावर आकडा परत खाली यायला हवा. तो तसाच राहिला तर बदल हवामानात किंवा पायात झाला होता.

याहून चांगली युक्ती म्हणजे डबी लावली की काढली हे चालवणाऱ्याला कळूच न देणे. घरातल्या कोणीतरी आपल्या मनाने ती लावावी किंवा काढावी आणि तारखा वेगळ्या कागदावर लिहून ठेवाव्यात. चालवणाऱ्याने खाली वाकून पाहायचे नाही, एवढेच पथ्य. शेवटी दोन्ही कागद समोरासमोर ठेवायचे. तीन-चार टक्क्यांच्या आतला फरक आला तर तो मोजणीचा गोंधळ समजावा. सगळे धरून दोन-तीन महिने लागतील. इतका वेळ कोणाला असतो? विक्रेत्यांना ते पक्के माहीत असते, आणि सामान परत करायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते.

मुळात हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. पुण्यातली एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करते. तिच्यासारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा, त्याच मॉडेलच्या गाडीवर डबीसह आणि डबीशिवाय घेतलेल्या चाचणीचा पूर्ण अहवाल मागावा. 'आयएसओ प्रमाणित' हे उत्तर चालत नाही. आयएसओ ९००१ कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल असते, डबीने पेट्रोल वाचते की नाही याबद्दल त्यात अक्षरही नसते.

गाडीवर काही जोडण्याआधी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लुकलुकणाऱ्या डबीसाठी कोणी तुरुंगात गेल्याचे ऐकिवात नाही. पण इंधनाच्या नळीत किंवा वायरिंगमध्ये कापाकापी करणारे किट लावले आणि पुढे आग लागली, तर वॉरंटी आणि विमा दोन्ही ठिकाणी भांडण मालकालाच लढावे लागेल.

खरी चिप पंपावर

ॲव्हरेज बदलणारी एक चिप मात्र महाराष्ट्राने खरोखर पाहिली आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कारवाईनंतर ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या अनेक पेट्रोल पंपांवर छापे घातले. मशीनच्या आत छेडछाड करून पडद्यावर पूर्ण लिटर दाखवायचे आणि नळीतून कमी सोडायचे, असा तो प्रकार होता. पडद्यावर दहा आणि टाकीत साडेनऊ, तर गाडीचे ॲव्हरेज पाच टक्क्यांनी 'घसरते', आणि मालक इथेनॉलला शिव्या घालतो.

हे तपासायचा अधिकार प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे, राज्य कुठलेही असो. पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे. मागितले की त्यात मोजून दाखवावे लागते, आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तफावत चालत नाही. डबी घेण्यापूर्वी एकदा हे माप मागून पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.

ज्यांनी डबी आधीच घेतली आहे आणि काही फरक पडलेला नाही, त्यांच्यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सोय आहे. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. १९१५ या हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार घेतात. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा ईकोवाला किंवा रिक्षावालाही या कायद्याने ग्राहकच ठरतो.

सीमाभागासाठी यातले एक कलम फार कामाचे आहे. पूर्वी विक्रेता जिथला, तिथे खेटे घालायची वेळ यायची. २० जुलै २०२० पासून तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे काम करतो, तिथेही तक्रार दाखल होते. घर तलासरीत, नोकरी सिल्वासात आणि विक्रेता दिल्लीत असेल, तर पालघर किंवा दादरा नगर हवेली यांपैकी सोयीचा जिल्हा निवडता येतो. त्यासाठी बिल, पैसे भरल्याची नोंद आणि 'वीस टक्के बचत' लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा लागतो. नाक्यावर बिलाशिवाय रोखीने घेतलेल्या डबीसाठी यातले काही चालत नाही.